तुर्की कॉफीला घरी फेस का येत नाही?

ओली_माती

मंडळी, मदत हवी आहे. फेब्रुवारीत इस्तंबूलला जाऊन आलो. बाकीचे रंगीत काचेच्या दिव्यांवरून घासाघीस करत होते तेव्हा मी गुपचूप एक तांब्याचं जेझ्वे उचललं. जेझ्वे म्हणजे त्यांचं कॉफीचं भांडं, बूड रुंद, गळा आवळलेला आणि बाजूला हा लांब दांडा. तिथे रोज दोनदा ती कॉफी प्यायले. एवढासा कप, वर साईसारखा दाट फेस, शेजारी पाण्याचा ग्लास आणि लोकुम या त्यांच्या मिठाईची एक वडी. म्हटलं, पाणी, पूड, साखर, यात कठीण ते काय!

परवा आठव्यांदा केली. फेस नाही. म्हणजे येतो, पण चहा उतू जाताना येतो तसा भसकन येतो आणि कपात ओतेस्तोवर पसार. खाली उरतो तो पहिल्या पावसातल्या ओढ्याच्या रंगाचा काढा. चव करपट, आणि शेवटच्या घोटांना दाताखाली कचकच.

माझी कृती: जेझ्वेत पाणी खळखळ उकळायचं, त्यात दोन चमचे पूड (कोपऱ्यावरच्या दुकानातली फिल्टर कॉफीची) आणि साखर, मोठ्या गॅसवर दोन मिनिटं ठेवून ओतायचं. जेझ्वे चार कपांचं आहे, करते मी एकटीपुरती.

नवरा म्हणतो, गाळून घे आणि दूध घाल. त्याचं मत मोजू नये.

टवाळ_कार्टं

फोटो टाका नाहीतर धागा फाउल.

बोस्फरसकाठी

ओली_माती, तुमच्या कृतीतली साखर सोडली तर सगळंच उलटं आहे. हलके घ्या. :)

तीन वर्षं इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, कादिकॉयमध्ये राहिलो. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी कॉफी बेसिनमध्ये ओतून दिली आणि शेजारी उभं करून शिकवलं. त्यांची रीत सांगतो.

पाणी गार घ्यायचं. मोजायला ज्या कपातून पिणार तोच कप, म्हणजे साधारण ६५-७० मिली. त्याला सुमारे ७ ग्रॅम पूड, म्हणजे शीग लावलेले दोन लहान चमचे. साखर आत्ताच घालायची, नंतर नाही. नंतर घातली तर ढवळावं लागतं, ढवळलं की गाळ वर येतो आणि फेस बसतो. म्हणून तिकडे कॉफी सांगतानाच साखर विचारतात: सादे म्हणजे बिनसाखरेची, आझ शेकेर्ली म्हणजे किंचित गोड, ओर्ता म्हणजे मध्यम, शेकेर्ली म्हणजे गोड. सगळं गार असतानाच नीट ढवळून एकजीव करायचं, आणि मग चमचा हातावेगळा करायचा. पुन्हा आत घालायचा नाही.

आच अगदी बारीक. तीन-चार मिनिटं लागतात. आधी कडेने एक गडद गोल रिंगण दिसतं, मग ते मधे सरकतं, मग सगळी साय एकदम फुगून गळ्याशी येते. त्या क्षणी उचलायचं. उकळी फुटू द्यायची नाही. उकळी फुटली की फेस मेला. बाई म्हणायच्या, दूध तापवताना शेजारणीशी बोललीस तरी चालेल, कॉफी करताना नाही.

मग चमच्याने थोडा थोडा फेस आधी प्रत्येक कपात घालायचा आणि त्यावर कडेने कॉफी सोडायची. फेसाला क्योप्युक म्हणतात. बिनफेसाची कॉफी पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे आपल्याकडे मीठ नसलेलं वरण वाढण्यासारखं.

सुग्रास

"सादे" म्हणजे सादी! किती छान. आणि शेकेर म्हणजे आपली साखरच की.

बोस्फरसकाठी

सुग्रास, अजून एक घ्या. त्यांची प्रसिद्ध म्हण आहे, "बिर फिन्जान काहवेनिन कर्क यिल हातरी वार्दर". एका कप कॉफीची खातर चाळीस वर्षं राहते. हातर म्हणजे आपलं खातर, दोघांचं मूळ अरबी.

कॉफीमळा

मी बंगळुरात असते, माहेर सांगलीचं. मूळ दुखणं कुणीच धरलं नाही: पूड! दुकानातली फिल्टर कॉफीची पूड म्हणजे बहुतेकदा चिकोरी मिसळलेली. पुडक्यावर प्रमाण छापलेलं असतं, वाचा. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, फिल्टरमध्ये ती रंग आणि दाटपणा देते, इथे मात्र नुसता कडवट चिखल होतो.

दुसरं, दळण. फिल्टरची पूड बारीक रव्यासारखी असते. तुर्कीला एस्प्रेसोपेक्षाही बारीक लागते. कचकच त्याचीच. जाड कण तोंडात येतात.

तिसरं, ताजेपणा. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. पाणी तापलं की तो सुटतो आणि बारीक कण त्याचे बुडबुडे धरून ठेवतात. फेस म्हणजे तेवढंच. महिनाभर उघडी राहिलेली पूड असेल तर धरायला वायूच उरत नाही.

चिकमगळूरजवळच्या बाबाबुडनगिरीचं नाव या धाग्यावर निघायलाच हवं. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात दाणे लपवून घेऊन आले, अशी कथा सांगतात. इथल्या दाण्यांची उत्तम होते तुर्की कॉफी, फक्त भाजणी मध्यम घ्या. काळीकुट्ट नको.

सुग्रास

कॉफीमळा, म्हणजे किती बारीक? पिठीसाखर?

कॉफीमळा

त्याहून बारीक. चिमटीत घासली तर कण लागता कामा नये.

वैद्यबुवा_नाही

त्याला मराठीत शब्द आहे: वस्त्रगाळ.

कॉफीमळा

अगदी अगदी! वस्त्रगाळच.

अण्णा_निवृत्त

सर्व वाचले. एक साधा प्रश्न. आपल्याकडे लग्नाकार्यात, रात्रीच्या भजनानंतर जायफळ घातलेली दुधाची कॉफी होत असे. पातेलेभर. सायीसकट. तिला काय कमी आहे? चार थेंबांच्या चिखलासाठी एवढा खटाटोप कशाला?

टवाळ_कार्टं

अण्णा आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

ओली_माती

अण्णा, जायफळाची कॉफी मलाही प्रिय आहे. पण ती पिऊन झोप येते. मला जागं राहायचंय.

अण्णा_निवृत्त

झोपावे. कुणी अडवले आहे?

शारजावाले

इकडे अरबांकडे दोन तऱ्हा बघतो. आखाती अरब करतात ती फिकट, जवळजवळ पिवळसर, वेलदोड्याच्या वासाची, बिनसाखरेची आणि गाळ खाली ठेवून ओतलेली. सोबत खजूर. आणि आमच्या ऑफिसातले लेबनीज, सीरियन करतात ती तुर्कीसारखीच, गाळासकट, पण बहुतेक वेळा पुडीतच वेलची दळलेली. ते भांड्याला रक्वे म्हणतात. इजिप्शियन मित्र कनका म्हणतो. भांडं एकच, नावं पाच. त्यामुळे अण्णांना सुवर्णमध्य सुचवतो: वेलची घाला.

अण्णा_निवृत्त

वेलची खिरीत घालतात.

मेलबर्नची_मावशी

नावांवरून आठवलं. आमच्या शेजारी ग्रीक आजी आहेत. पहिल्या भेटीत मी भाबडेपणाने "वा, टर्किश कॉफी!" म्हणाले आणि खोलीतलं तापमान दहा अंशांनी उतरलं. "ग्रीक कॉफी," त्या म्हणाल्या. त्यांचं भांडं ब्रिकी. कृती तीच, कप तेवढाच, गाळ तोच. नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं की पूर्वी ग्रीसमध्येही सर्रास तुर्की कॉफीच म्हणत, १९७४ ला तुर्की फौजा सायप्रसमध्ये उतरल्यावर नाव बदललं. मी आता नुसतं "तुमची कॉफी" म्हणते.

टवाळ_कार्टं

बासुंदी-रबडीचा वाद यापुढे काहीच नाही म्हणायचा.

पाटलाचा_वाडा

ओली_माती, एक महत्त्वाचं. तुमचं जेझ्वे आतून कसं आहे? पांढरं चकचकीत की तांबडं? तांबडं असेल तर त्यात काही शिजवू नका. पर्यटकांना विकायची शोभेची भांडी असतात, आत नुसता लाखेसारखा लेप.

पांढरं असेल तर ती कल्हई, म्हणजे कथलाचा थर, आणि तिला जपा. माझ्या हातून झालेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी असंच भेट आलेलं भांडं रिकामंच गॅसवर ठेवलं, फोन वाजला, बाहेर गेलो. येऊन बघतो तर आत पाऱ्यासारखे थेंब पळतायत. कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी असेपर्यंत काही होत नाही, रिकामं असलं की दोन मिनिटांचा खेळ.

मग कल्हईवाला शोधणं आलं. लहानपणी दारावर हाक यायची, आता गावभर विचारत फिरलो. शेवटी पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीत काम झालं. भांडं भट्टीवर लाल केलं, चिमूटभर नवसागर टाकला, तो पांढरा झणझणीत धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरकन एक फेरा. पंधरा सेकंदांत भांडं आरसा. मी तिथेच लहान झालो हो.

सुग्रास

नवसागराचा वास! आमच्या आळीत कल्हईवाल्याभोवती आम्ही पोरं गोल करून बसायचो आणि तो "मागं सरा" म्हणून ओरडायचा. भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज यायचा, त्यासाठी शाळा बुडवलीय.

वैद्यबुवा_नाही

धागा कॉफीवरून कल्हईवर गेला, पण पाटील, हे तुम्ही वेगळं लिहाच.

बोस्फरसकाठी

पाटील म्हणतात ते खरं. माझ्या घरमालकीणबाई वर्षाकाठी कल्हई करून घेत. आणि मुख्य म्हणजे, ओली_माती, तुमचं चार कपांचं जेझ्वे! एका कपाची कॉफी त्यात रुंद बुडाशीच राहते. फेस अरुंद गळ्यापर्यंत पोचला तर दाटतो, नाहीतर पसरून फुटतो. जेझ्वे गळ्याच्या जरा खालपर्यंत भरलं पाहिजे. एकटीला करायची तर एक-दोन कपांचं घ्या, नाहीतर शेजारणींना बोलवा.

धांदरट_सुगरण

माझ्याकडे जेझ्वे नाही, मी फोडणीच्या कढल्यात केली. लांब दांडा आहे, छोटं आहे, म्हटलं काय फरक पडतो.

पडतो. हिंग.

टवाळ_कार्टं

फेस आला का पण?

धांदरट_सुगरण

मोहरी वर आली.

नानबा_नव्हे

हसून हसून वाट लागली. कॉफी सांडली कीबोर्डवर, फेसासकट.

मला एक विचारायचं होतं: आमच्या गॅसच्या शेगडीवर ते इवलंसं भांडं उभंच राहत नाही, कलंडतं. काय करता?

कॉफीमळा

फुलके भाजायची जाळी ठेवा शेगडीवर. आचही पसरून लागते. आणि इंडक्शनवाल्यांनो, तांबं इंडक्शनवर चालत नाही, आधीच सांगते.

शारजावाले

वाळूवर करतात ती कुणी करून बघितली आहे का? मोठ्या परातीत तापलेली वाळू आणि त्यात जेझ्वे रुतवून फिरवतात.

पाटलाचा_वाडा

फुटाणेवाल्याची कढई! लोखंडी कढईत वाळू तापवून केली होती मी. होते. वाळूत भांडं जितकं खोल रुतवाल तितकी आच जास्त, हा फायदा. तोटा हा की कढई तापायलाच अर्धा तास लागतो, आणि बायकोने विचारलं, "आता वाळूही खाणार का?"

डॉ_फुरसतवाले

थोडं रंगाचा बेरंग करतो. न गाळलेल्या, उकळून केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य उतरतं, त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी फिल्टरमध्ये ते अडकतं. रोजचा एखादा कप ठीक, पण ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे त्यांनी दिवसाला पाच-सहा कपांचा नेम धरू नये. आणि तळाचा गाळ प्यायचा नसतो. कपात बोटभर ठेवून द्यायचा.

मेलबर्नची_मावशी

गाळ ठेवायचा म्हणजे वाया नाही हं जात. बशी कपावर पालथी घालून, कप उलटा करून गार होऊ द्यायचा, मग आत ओघळलेल्या गाळात भविष्य बघायचं. ग्रीक आजी तर बघतातच, तुर्कांतही आहे.

बोस्फरसकाठी

हो, फाल म्हणतात. एकाचं दुसऱ्याने बघायचं, आपलं आपण नाही. माझ्या कपात घरमालकीणबाईंना दर वेळी मासा दिसायचा. मासा म्हणजे नशीब. भाडं वेळेवर दिलेल्या महिन्यात मासा मोठा असायचा.

टवाळ_कार्टं

आमचं भविष्य बिनकॉफीचंच गाळात गेलेलं आहे.

नानबा_नव्हे

मुलगी बघायला आल्यावर मुलाच्या कॉफीत मीठ घालतात म्हणे तिकडे?

बोस्फरसकाठी

घालतात. मागणी घालायला मुलाकडचे आले की मुलगी सगळ्यांना कॉफी करून देते, आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ. त्याने चेहरा न वाकडा करता संपवायची. आता तर काही जणी तिखट, लिंबू, हाताला लागेल ते घालतात. मित्राच्या अशा कार्यक्रमाला गेलो होतो. त्याने एका दमात संपवली आणि मग पाणी पीत राहिला, एक तांब्याभर तरी.

सुग्रास

आणि आपल्याकडे मुलीने पोह्यात मीठ कमी घातलं तरी वर्षभर चर्चा. हा तुर्की प्रकार ताबडतोब आयात करा.

इतिहासाची_वही

उशिरा आलो. थोडी भर. इस्तंबूलमधलं पहिलं कॉफीगृह १५५४-५५ च्या सुमारास तख्ताकाले भागात निघालं. पेचेवी या सतराव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की हलबचा (म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा) हकम आणि दमास्कसचा शम्स असे दोघे येऊन तिथे दुकान थाटून बसले. बघता बघता मौलवी, कारकून, कवी, रिकामटेकडे सगळे तिथे. लोक जमले की राज्यकर्त्यांना घाम फुटतो. सुलतान चौथ्या मुरादने १६३३ मध्ये कॉफीगृहांवर बंदी घातली. पुढे काय झालं ते तुम्ही फेब्रुवारीत बघून आलाच आहात.

भाजून दळलेली तयार पूड विकणारं इस्तंबूलचं प्रसिद्ध दुकान कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी १८७१ चं. त्याआधी लोक कच्चे दाणे नेऊन घरी भाजत, दळत. २०१३ मध्ये तुर्की कॉफीची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गंमत अशी की तुर्क दिवसभर पितात चहा. न्याहारीला ते काहवाल्ती म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचं खाणं, आणि त्या खाण्यासोबत घेतात चहाच.

अण्णा_निवृत्त

चौथा मुराद शहाणा होता.

शारजावाले

अण्णा _/\_

वैद्यबुवा_नाही

एक वाद उरला. कॉफी एकदाच फुगवायची की तीनदा? माझा सीरियन रूममेट तीनदा वर आणून खाली घ्यायचा, त्याशिवाय कच्ची म्हणायचा.

बोस्फरसकाठी

बाईंच्या घरी एकदाच. फार तर फेस कपात काढून घेतल्यावर उरलेली क्षणभर पुन्हा आचेवर. तीनदा केली की चव दाट येते, फेस जातो.

शारजावाले

फेस गेला तर गेला. मला कडक लागते. तीनदा.

बोस्फरसकाठी

मग त्याला काढा म्हणा.

शारजावाले

इस्तंबूलची हवा लागलेली दिसते.

कॉफीमळा

अरे, धागाकर्ती कुठे आहेत?

ओली_माती

आले, आले. सगळं वाचून, वहीत लिहून घेऊन, मग आले.

आतून पांढरं आहे, कल्हईचंच, पाटील धन्यवाद. पुडक्यावर बघितलं, चिकोरी ४० टक्के. लाज वाटली.

शनिवारी दुसऱ्या दुकानातून मध्यम भाजलेले दाणे आणले, चिकोरीशिवाय. त्यांच्याकडे बारीकात बारीक दळूनही चिमटीत कण लागतच होते. मग घरी येऊन मिक्सरमधून थांबून थांबून फिरवली, पूड तापू नये म्हणून, आणि आईच्या जुन्या मलमलच्या तुकड्यातून खरोखर वस्त्रगाळ केली. पाव किलोतली जेमतेम वाटीभर निघाली, उरलेली फिल्टरला लावली. स्वयंपाकघरात सगळीकडे कॉफीची धूळ, शिंका वेगळ्याच.

रविवारी शेजारच्या दोघींना बोलावलं, आम्ही दोघं धरून चार कप. गार पाणी, जाळी, बारीक आच. ढवळून चमचा लांब ठेवला. नवऱ्याला सांगितलं, आता घर पेटलं तरी हाक मारू नकोस. चौथ्या मिनिटाला ते रिंगण दिसलं! कडेने काळपट, मधे फिकट, आणि मग ते हळूहळू मधे आवळत गेलं, जसं घावनाला जाळी पडताना बघत बसतो तसं बघत बसले. फुगून गळ्याशी आलं, उचललं, चमच्याने फेस वाटला, वरून ओतलं. चारही कपांत फेस टिकला. तिसऱ्या कपात थोडा कमी, तो नवऱ्याला दिला.

कचकच नाही, करपट नाही. गाळ तळाशी मुकाट बसलेला.

बोस्फरसकाठी

शाब्बास! बाईंनी हा कप बेसिनमध्ये ओतला नसता.

टवाळ_कार्टं

फोटो??

ओली_माती

फोटो काढेपर्यंत फेस बसला असता, म्हणून प्यायले.

पुढचं ऐका. सासूबाई देवळातून आल्या. त्यांच्यासाठी पुन्हा जेझ्वे लावलं, दोन कप भरून घेतले, एक माझा. कप हातात घेऊन बघितला, वास घेतला, एक घोट घेतला. काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. गाळणं घेऊन बाहेर आल्या, कॉफी गाळली, दूध घातलं, आणि म्हणाल्या, "आता चांगली लागतेय. जरासं जायफळ उगाळ बाई."

अण्णा_निवृत्त

माझा नमस्कार सांगा त्यांना.